ग्वादरची खरेदी पोरांना कशी समजवायची

आमच्या बेळगावात सीमेचा विषय निघाला की लहान पोरंपण कान टवकारतात, त्यामुळे पाकिस्ताननं ओमानच्या सुलतानाकडनं विकत घेतलेलं ग्वादर बंदर शिकवायला इथल्यासारखी जागा नाही बघा. सुरुवात तारखांनी करू नका. आधी नकाशा पसरा, कराचीवर बोट ठेवा आणि किनाऱ्यानं पश्चिमेला इराणच्या दिशेनं सरकवत न्या, हातोडीसारखी जमीन समुद्रात घुसलेली दिसेल, दोन्ही बाजूला खाडी, तेच ग्वादर. पोरांना स्वतः शोधू द्या, घाई करू नका.

मग घरातलं एखादं जुनं खरेदीखत काढा (झेरॉक्स बरी, मूळ कागद पोरांच्या हातात नको) आणि विचारा, यात काय काय असतं? विकणारा, घेणारा, रक्कम, ताबा. आता तसंच ग्वादरचं भरून घ्या. विकणारा मस्कतचा (म्हणजे आताच्या ओमानचा) सुलतान सैद बिन तैमूर, घेणारा पाकिस्तान, पंतप्रधान फिरोझ खान नून, रक्कम साधारण ३० लाख पौंड, व्यवहार सप्टेंबर १९५८ मध्ये आणि ताबा ८ डिसेंबरला. तोवर नून यांचं सरकार गेलं होतं, ऑक्टोबरमध्येच मार्शल लॉ लागला, हे नक्की सांगा.

पोरं विचारणारच, सुलतानाकडे ते आलं कुठनं? तर १७८३ मध्ये बलुचिस्तानातल्या कलात संस्थानाच्या खानानं सुलतानाच्या घराण्याला दिलेलं. ते कायमचं दिलं की नुसतं सांभाळायला, यावरनं पुढं वाद झाला. इथं थांबा आणि पोरांना भांडू द्या की, आमच्याकडं बांधावरनं भाऊभाऊ कसे भांडतात ते त्यांनी बघितलेलं असतंय. शेवटी एकच प्रश्न टाका, तिथल्या कोळ्यांना कुणी विचारलं होतं का?