लहान भट्टीत स्टेनलेस पाते कडक करताना या चुका टाळा

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. ‘धार टिकत नाही’, ‘पाते वाकडे झाले’ अशा तक्रारींसह नवशिक्यांची पाती तिथे सतत येत असतात. बहुतेकांचे पोलाद चांगले असते आणि घासकामही नेटके असते. बिघाड भट्टीत झालेला असतो, आणि तोही ठरावीक कारणांनी. कोयते, विळे आणि पाट्याच्या स्प्रिंगची सुरी करून हात बसलेला माणूस स्टेनलेसलाही त्याच पद्धतीने हाताळतो, आणि विजेची भट्टी घेतली की कंट्रोलरवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. या दोन सवयी सोडल्या तर निम्म्याहून अधिक पाती वाचतील.

पहिली चूक भट्टी पेटवण्याच्या आधीचीच आहे. भंगारातून आणलेल्या ३०४ किंवा २०२ जातीच्या स्टेनलेस पत्र्याचे पाते कितीही तापवले तरी कडक होणार नाही, कारण त्या जातीची घडणच कडक होण्यासारखी नसते. काही जण लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटला म्हणून निर्धास्त होतात. परंतु ४३० या जातीलाही चुंबक चिकटतो, आणि कार्बन जेमतेम ०.१२ टक्क्यांपर्यंत असल्यामुळे तिचे सुरीयोग्य पाते होत नाही. ४४०सी, एईबी-एल, १४सी२८एन असे नाव आणि रासायनिक प्रमाणपत्र असलेले पोलाद घ्यावे. भंगारात वाचलेले पैसे भट्टीच्या विजेत जातात.

चुंबकाचा दुसरा गैरवापर याहून महाग पडतो. साधे पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला सोडते, त्यावर थोडे तापवले की तेलात बुडवण्याजोगे होते, हा लोहारकामातला उपयुक्त अंदाज आहे. स्टेनलेसमध्ये मात्र कार्बनचा मोठा भाग क्रोमियमशी जुळलेल्या टणक कणांत, म्हणजे कार्बाइडांत, अडकलेला असतो, आणि तो विरघळून पोलादात मोकळा होण्यासाठी एईबी-एलला साधारण १०६५ ते १०८० अंश आणि तिथे दहा-पंधरा मिनिटांचा मुक्काम लागतो. ८५० अंशांवर बाहेर काढलेले पाते लालबुंद दिसते, तेलात छान चरचरते आणि कांदा चिरतानाच धार सोडते. रंगावरून तापमान ओळखण्याचा हट्टही इथे सोडावा. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये जो रंग फिका वाटतो, तोच रात्री झगझगीत दिसतो.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक, जिच्याविषयी मी येणाऱ्या प्रत्येकाशी वाद घालतो: थर्मोकपल, म्हणजे भट्टीतले तापमान मोजून कंट्रोलरला कळवणारी तार, न तपासणे. बार्शीकडच्या एका तरुणाने उष्णतारोधक विटा आणि कँथलची तापणारी तार वापरून स्वतः भट्टी बांधली होती, आणि बांधणी खरोखर सुबक होती. त्याने एईबी-एलची पाती आणली, कानस त्यांना सहज कापत होती, आणि कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर आकडा ५४ च्या आसपास आला, जिथे तो ६० च्या पुढे हवा होता. मोबाइलमधल्या नोंदी त्याने मला अभिमानाने दाखवल्या: १०७५ अंश, बारा मिनिटे, सगळे पुस्तकाप्रमाणे. पोलादच बनावट आहे असे ठरवून तो विक्रेत्याशी भांडूनही बसला होता. मी त्याला भट्टी गाडीत घालून आणायला सांगितली. आत बॅटरी मारली तेव्हा थर्मोकपलचे टोक दिसलेच नाही. ते विटेच्या भोकात बोटभर आत दडून बसले होते. टोक विटेचे तापमान सांगत होते, वीट आतल्या पोकळीपेक्षा थंड होती, आणि कंट्रोलर बिचारा आकडा गाठण्यासाठी तारेला तापवतच राहत होता.

खात्री करायला आम्ही सराफाकडून ९९९ शुद्धतेच्या चांदीच्या तारेचा नखाएवढा तुकडा आणला. शुद्ध चांदी ९६१.८ अंशांना वितळते, त्यामुळे तिच्याइतका स्वस्त साक्षीदार नाही. दागिन्याची चांदी मात्र चालत नाही, कारण तांब्याची भेसळ असल्याने ती आधीच वितळू लागते. चिनी मातीच्या छोट्या वाटीवर तार आडवी ठेवली, वाटी पाते ठेवण्याच्या जागी सरकवली, आणि शेवटच्या टप्प्यात पाच-पाच अंशांनी तापमान चढवत गेलो. कंट्रोलरवर ९०५ दिसत असताना तार मधोमध खचली आणि तिचा गोल थेंब झाला. म्हणजे भट्टी दाखवत होती त्यापेक्षा पन्नासेक अंश अधिक तापत होती, आणि १०७५ म्हणून नोंदवलेली पाती प्रत्यक्षात ११३० च्या आसपास शिजली होती.

जास्त तापवले तर जास्त कडक व्हायला हवे, असा प्रश्न त्याने तेव्हा विचारला, आणि बहुतेक नवशिके असेच धरून चालतात. तापमान मर्यादेबाहेर गेले की कार्बन आणि क्रोमियम गरजेपेक्षा अधिक विरघळतात, मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक घडण, पूर्ण होण्याचे तापमान खोलीच्या तापमानाच्याही बरेच खाली घसरते, आणि ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाची मऊ घडण, मोठ्या प्रमाणात तसाच अडकून राहतो. शिवाय कण जाड होऊन पाते ठिसूळही होते, म्हणजे मऊ आणि ठिसूळ असे दोन्ही तोटे एकाच पात्यात. आम्ही थर्मोकपलचे टोक पोकळीत इंचभर पुढे काढले, पुन्हा चांदी वितळवून उरलेला फरक कंट्रोलरमध्ये भरला, आणि त्याच पट्टीच्या उरलेल्या पोलादाची पाती कानशीला दाद देईनाशी झाली. के-जातीचे थर्मोकपल वापराने हळूहळू चुकीचे दाखवू लागते, म्हणून ही परीक्षा मी ठरावीक काळाने करतो. करायला वेळ नाही म्हणणाऱ्यांकडे पाती दुसऱ्यांदा घासायला मात्र भरपूर वेळ असतो.

विजेचा दाब हाही इथला जिव्हाळ्याचा विषय आहे. दाब १० टक्क्यांनी पडला की तारेची शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते, आणि शेवटचे शंभर अंश चढायला भट्टी रडकुंडीला येते. थंड भट्टीत पाते ठेवून सोबतच तापवणाऱ्यांचे पाते मग उगाच तासभर वरच्या तापमानात रेंगाळते. भट्टी आधी तापवून स्थिर होऊ द्यावी, मगच पाते पाठीवर उभे, दारापासून दूर ठेवावे, आणि दार उघडल्यामुळे पडलेला आकडा पुन्हा जागेवर आल्यावरच मिनिटे मोजायला सुरुवात करावी.

फॉइलशिवाय स्टेनलेस तापवू नये. उघड्या पात्याच्या पृष्ठभागावरचा कार्बन जळतो, मग वरची कातडी मऊ राहते आणि कानस लागली म्हणून आतले चांगले पातेही वाया गेले असे वाटते. स्टेनलेस फॉइलची घडी कडांना दोनदा दुमडून, आतली हवा दाबून काढून, कागदाचा चिमूटभर तुकडा आत टाकावा, म्हणजे उरलेला प्राणवायू कागदच खाऊन टाकतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल ६६० अंशांना वितळते, हे मला एकापेक्षा अधिक जणांना समजावून सांगावे लागले आहे. फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, तेव्हा हातमोजे घालावेत. ही गुंडाळी तेलात बुडवू नये. पाते झटकन गार करण्यासाठी ती तशीच ॲल्युमिनियमच्या दोन जाड प्लेटांत दाबावी. प्लेटा इंचभर जाड असाव्यात, आणि एप्रिल-मे महिन्यांत दोन पात्यांच्या मध्ये त्यांना थंड व्हायला वेळ द्यावा, कारण त्या दिवसांत शेडमधली प्लेट मुळातच हाताला तापलेली लागते. प्लेटांतून काढलेले पाते कोमट असेपर्यंत थोडे लवचीक असते. वाकले असेल तर तेवढ्या मिनिट-दोन मिनिटांत सरळ करावे.

त्यानंतर थंडी, म्हणजे अडकून राहिलेला मऊ ऑस्टेनाइट कमी करण्यासाठी पाते आणखी गार करणे. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जातो, त्याचा थोडा उपयोग होतो. कोरडा बर्फ उणे ७८ पर्यंत नेतो आणि द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ पर्यंत. हे काम पाते हाताला गार लागताच, टेंपरिंगच्या, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते मंद तापवण्याच्या, आधी करायचे असते. दोन दिवसांनी सवड मिळाल्यावर केले तर परिणाम कमी होतो. आपल्याकडे जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यमात्रा द्रवरूप नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये ठेवतात, त्यामुळे तो भरून देणाऱ्यांची चौकशी करता येते. परंतु ओळखीच्या रेतन करणाऱ्याकडे ‘थोडासा’ मागू नये; पातळी खाली गेली तर त्याच्या मात्रा खराब होतात, आणि आपल्या सुरीपायी कोणाची म्हैस गाभण राहायची थांबू नये. बंद खोलीत आणि घट्ट झाकणाच्या भांड्यात नायट्रोजन हाताळणे जिवावर बेतू शकते.

टेंपरिंग त्याच दिवशी झाले पाहिजे. ताणलेले पाते रात्रभर तसेच ठेवून सकाळी तडा गेलेला पाहणारे कमी नाहीत. १७५ ते २०० अंशांवर दोन तास, खोलीच्या तापमानापर्यंत गार, पुन्हा दोन तास, एवढे पुरते. घरच्या ओटीजीचा काटा खोटे बोलतो, म्हणून मी आत जाड फरशी ठेवतो आणि वेगळा तापमापक लावतो. पिवळसर रंग येईपर्यंत तापवण्याची लोहारी पद्धत इथे फसवते, कारण क्रोमियममुळे तो रंग स्टेनलेसवर बऱ्याच वरच्या तापमानाला येतो. ४२५ ते ६०० अंशांच्या पट्ट्यात तर जाऊच नये. तिथे पाते ठिसूळही होते आणि गंजायलाही लागते, मग बोअरच्या खारट पाण्याला दोष दिला जातो.

मुठीच्या रिव्हेटची भोके कडक करण्याआधीच पाडावीत. ३६ ग्रिटच्या भरड पट्ट्याचे ओरखडे तसेच ठेवून पाते भट्टीत घालू नये, तडे तिथूनच सुरू होतात. धारेची जाडी अर्धा मिलिमीटर तरी शिल्लक ठेवावी. आणि शेवटी बेल्ट ग्राइंडरवर धार काढताना हातमोजे काढून उघड्या बोटांनी पाते धरावे, प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवावे. धारेवर निळा डाग दिसला असेल तर तेवढा भाग घासून काढण्याशिवाय दुसरा इलाज नाही, बफ मारून तो लपवला तरी तिथली धार मऊच राहते.