ड्रॅगनवाला अल्बम कसा ऐकावा

परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, तो तुझा ड्रॅगनवाला अल्बम ऐकायचाय. कुठलं गाणं आधी लावू?" घोळ इथेच सुरू होतो. हा अल्बम एकेक गाणं निवडून ऐकायचा नसतो. हे कळायला मला स्वतःला एक वर्ष लागलं, म्हणून त्याला सांगितलं ते इथे नीट लिहून काढते.

अल्बम म्हणजे इटलीतल्या रॅप्सडी या हेवी मेटल बँडचा १९९८ सालचा 'सिंफनी ऑफ एन्चांटेड लँड्स'. दहा गाणी, साधारण पंचावन्न मिनिटं. मला तो २००४ मध्ये हॉस्टेलवर मिळाला, रूममेटने भरून दिलेल्या एमपी३ सीडीवर. त्या सीडीवर गाणी एबीसीडीच्या क्रमाने लागत. म्हणजे शेवटचं तेरा मिनिटांचं गाणं सातवं यायचं आणि त्यानंतर आठव्याला आमचा नायक काळ्या मनोऱ्यात शिरायचा. सुरुवातीची लॅटिन समूहगानाची सव्वा मिनिटाची नांदी तर पहिला अंक होऊन गेल्यावर वाजायची. वर्षभर मी हे असंच ऐकलं आणि "कथा जरा गूढ आहे" असं लोकांना सांगत हिंडले.

म्हणून पहिलं काम: शफल बंद करा. गाणी एकमेकांत मिसळवण्याची सोय ॲपमध्ये चालू असेल तर तीही बंद करा, आणि दोन गाण्यांमध्ये रिकामी जागा सोडणारी सोय असेल तर तीसुद्धा. नांदी संपते ती थेट 'एमराल्ड स्वोर्ड' या दुसऱ्या गाण्याच्या अंगावर जाऊन आदळते. मध्ये एक सेकंदाची शांतता आली तरी मजा गेली.

दुसरं काम, कथा आधी वाचून घ्या. सस्पेन्स जाईल म्हणून घाबरू नका, इथे सस्पेन्स नाहीच. आजोबांच्या पिढीतले लोक संगीत नाटकाला जात तेव्हा सुभद्रेचं लग्न कोणाशी होणार हे कळायला जात नसत. पदं ऐकायला जात, आणि आवडलं की वन्समोअर. इथेही तसंच आहे. कथानक दारात उभं राहतं, गिटारवाला त्याचं पद म्हणून घेतो, मग कथानक आत येतं.

कथा थोडक्यात अशी. अल्गालॉर्ड नावाचं चांगलं राज्य, अॅक्रॉन नावाचा दुष्ट राजा. एल्गार्डचा अरेसियस हा शहाणा म्हातारा सगळी बखर लिहितोय. बर्फाचा योद्धा म्हणून ओळखला जाणारा नायक पाचूच्या तलवारीच्या शोधात निघालाय. तलवार हस्तिदंती दारांपलीकडे, दारं उघडायला तीन किल्ल्या. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असल्याच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला हे अवघड जायला नको. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: हा पाच भागांच्या गोष्टीचा दुसरा भाग आहे. पहिलं खरं गाणं सुरू होतं तेव्हा नायक तिसऱ्या किल्लीच्या मागावर असतो. मी बावळटासारखी पहिल्या दोन किल्ल्या त्याच गाण्यात शोधत बसले होते.

आता ऐकायला बसा. मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात नको. समूहगान, व्हायोलिनं, दोन पायांनी बडवलेला ड्रम, गिटार हे सगळं त्या टीचभर जाळीतून एकदम बाहेर आलं की चिवडा होतो. साधे वायरवाले हेडफोन चालतील, महागडे लागत नाहीत. आवाज मध्यम ठेवा, कारण शांत जागा आणि गर्जना यांत बराच फरक आहे. पहिल्यांदा ऐकताना हातात काम नको. मेथी निवडणं तिसऱ्या खेपेला.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास ड्रमचा होतो. दोन पायांनी वाजवायच्या डबल बेस ड्रमची धडधड सुरू झाली की कान तिच्यामागे पळतात आणि दोन गाण्यांत थकतात. ती मोजूच नका. भजनात पखवाजवाला दुगुण-चौगुण करत सुटतो, बुवा मात्र अभंगाची ओळ सावकाशच ओढतात, आणि आपण डोलतो ते बुवांच्या ओळीवर. इथले बुवा म्हणजे गायक फाबिओ लिओने. त्याचा स्वर लांब, भरदार, खाली गालिच्यासारखी ती धावपळ. त्याच्या श्वासाबरोबर ऐका. ड्रम आपोआप मागे सरकतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत वेग जाणवेनासा होतो. हे एक साधलं की या प्रकारचं कुठलंही संगीत ऐकता येईल, मग ते १९८० च्या दशकातल्या हॅम्बुर्गच्या हॅलोवीन बँडचं का असेना.

गाण्यांबद्दल थोडं. चौथं गाणं दोन मिनिटांचं आहे. त्यात पाण्याचा आवाज, निवेदन आणि ड्रॅगन, एवढंच. लोक ते पुढे ढकलतात. ढकलू नका, थारोस या ड्रॅगनची ओळख तिथे होते. तो आधी शत्रू असतो, मग सोबती होतो आणि नायक त्याच्या पाठीवर बसून उडतो. पाचवं आणि सहावं प्रत्येकी सात मिनिटांच्या वर आहेत. पाचवं सिनेमाच्या सुरुवातीसारखं उघडतं, सहावं जड आणि काळोखं आहे. इथे कंटाळा आला तर तुमचं काही चुकलेलं नाही, मला आजही सहाव्याच्या मध्यावर घड्याळ बघावंसं वाटतं. सातवं पियानोवरचं हळवं गाणं, तिथे कान विसावतात. आठव्यात बरोक, म्हणजे जुन्या युरोपीय शास्त्रीय संगीताच्या वळणाचे सूर आहेत. या बँडचं गाव त्रिएस्ते, तिथून बरोक संगीतकार विवाल्दीचं व्हेनिस फार लांब नाही. गिटारिस्ट लुका तुरिल्ली व्हायोलिनवादकासारखा का पळतो, ते आठव्या गाण्यात कळतं. वाद्यवृंद वाटतो त्यातलं बरंचसं आलेक्स स्तारोपोलीच्या कीबोर्डमधून येतं. हे आधी सांगितलं नाही तर फसवल्यासारखं वाटेल, म्हणून सांगितलं. आणि हे सगळं रेकॉर्ड झालं कुठे? जर्मनीत वोल्फ्सबर्गला, फोक्सवॅगनच्या गावात, साशा पेथ आणि मिरो या दोन निर्मात्यांच्या हाताखाली.

एक अडचण उरते, हसू येण्याची. शब्द इंग्रजी आहेत, पण इटालियन माणसांनी लिहिलेलं इंग्रजी. दर दोन ओळींनी काहीतरी 'पराक्रमी' असतं नाहीतर 'पवित्र'. हसू आलं तर हसून घ्या. मीही हसले होते, रूममेटसमोर जरा जास्तच. पण ही मंडळी डोळा मारत नाहीत, मनापासून गातात. थट्टेच्या अंतरावरून ऐकलं तर नवव्या गाण्यातल्या उड्डाणाचं काहीच वाटत नाही. म्हणून पहिल्या खेपेला शब्द वाचत बसू नका, नुसतं ऐका. दुसऱ्या खेपेला पुस्तिका किंवा स्क्रीनवरचे शब्द समोर ठेवा. तोवर चाली कानात बसलेल्या असतात आणि शब्द चालीचं काही बिघडवू शकत नाहीत.

आवडलं तर पुढे काय, हेही भाच्याने विचारलं. मागे जा. १९९७ चा 'लेजंडरी टेल्स' हा पहिला भाग, थोडा कच्चा, त्यात लोकसंगीताचा वास जास्त. मग २००० चा 'डॉन ऑफ व्हिक्टरी', वेग आणखी वाढलेला. २००१ चा 'रेन ऑफ अ थाउजंड फ्लेम्स' छोटा आहे, मी तो शेवटी ऐकायला सांगते. त्याशिवाय फार अडत नाही. २००२ चा 'पॉवर ऑफ द ड्रॅगनफ्लेम' म्हणजे या गोष्टीचा शेवट. त्यात एक गाणं चक्क इटालियनमध्ये आहे, आणि लिओने स्वतःच्या भाषेत काय गातो ते ऐकून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून राहिले होते. शेवटचं गाणं एकोणीस मिनिटांचं. २००४ मध्ये दुसरी गोष्ट सुरू होते, तिचं निवेदन क्रिस्टोफर ली या नटाने केलंय. भारदस्त आवाज कशाला म्हणतात ते तिथे ऐकावं, पण आधी ही गोष्ट संपवा.

शोधताना एक गफलत होते. २००६ पासून नावाच्या हक्काच्या कटकटीमुळे बँडचं नाव रॅप्सडी ऑफ फायर झालं. २०११ मध्ये तुरिल्ली वेगळा झाला आणि त्याने आपल्या नावाचा दुसरा रॅप्सडी काढला. त्यामुळे नुसतं रॅप्सडी टाकलं की भलतंच काहीतरी वाजू लागतं. अल्बमचं नाव टाका. पण २००४ च्या अल्बमचं नावही हेच आहे, पुढे 'दोन' आणि 'द डार्क सीक्रेट' हे उपनाव लागतं. साल बघून घ्या, १९९८.

भाच्याने काल रात्री लावला. साडेदहाला मेसेज आला: "मावशी, ड्रॅगनला काही होणार नाही ना?" तो तेव्हा नवव्या गाण्यावर होता. मी लिहिलं, दहावं संपलं की फोन कर. तेरा मिनिटांचं गाणं, फोन अकराच्या पुढे आला.