'लास्ट' कमांड रिकामी येते? आमच्या सर्व्हरवर हे निघालं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा उबुंटू 20.04 सर्व्हर. रात्रपाळीत स्टॉकच्या नोंदी कोणी बदलल्या ते पाहायला 'लास्ट' (कोण कधी लॉगिन झालं ते दाखवणारी कमांड) चालवलं, तर ती जिथून नोंदी वाचते ती /व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी फाइलच नाही म्हणे! 'हू' मात्र त्या क्षणी आत असलेले युजर बरोबर दाखवत होतं, कारण ते यूटीएमपी ही वेगळी, फक्त सध्याच्या लॉगिनची फाइल वाचतं.

सर्व्हर रीस्टार्ट केला, एसएसएच (दुरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम) पुन्हा टाकलं, शून्य उपयोग. डोकं पार उठलं.

खरी गोम अशी: ही फाइल नसेल तर लॉगिन प्रोग्रॅम ती स्वतः बनवत नाहीत, गपगुमान नोंद सोडून देतात. आणि ती उडवत होती जुन्या व्हेंडरची साफसफाई स्क्रिप्ट. नावात 'टीएमपी' दिसलं की डिलीट! चुकलेल्या लॉगिनची फाइल, बीटीएमपी, तीही त्यातच गेली.

म्हणून आधी रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिन युजरच्या) क्रॉनटॅबमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतून, त्या स्क्रिप्टची ओळ काढा, नाहीतर पुढचं सगळं वाया. मग 'टच'ने डब्ल्यूटीएमपी बनवा, 'चोन'ने मालक रूट, ग्रुप यूटीएमपी करा, 'सीएचमोड'ने परवानगी 664 द्या. बीटीएमपीलाही तेच, पण 660. चुकलेल्या लॉगिनमध्ये लोक युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात, तो सगळ्यांना दिसायला नको. आता लॉगआउट, पुन्हा लॉगिन, आणि 'लास्ट'. ओळ दिसलीच पाहिजे.

गेलेल्या नोंदी परत येत नाहीत. पण ऑथ डॉट लॉग या लॉगिनच्या दुसऱ्या लॉग फाइलमध्ये 'सेशन ओपन्ड' आणि 'सेशन क्लोज्ड' ग्रेप करा (शोधा). तिच्या जुन्या फाइलीही धरल्या (.gz असतील तर 'झेडग्रेप'), तर साधारण महिनाभराचं तिथं सापडतं. आमची ती रात्रपाळी तिथंच मिळाली.