रूममेटने भाडं थकवलंय? आधी ओनरचं भरा, मग त्याच्याकडून असं वसूल करा

पुण्यात कर्वेनगरला आम्ही तिघं राहायचो, टू बीएचके, भाडं 27 हजार म्हणजे डोक्यामागे 9, डिपॉझिट 54. त्यातल्या एकाने "पगार अडकलाय रे, पुढच्या आठवड्यात टाकतो" असं करत करत तीन महिने काढले आणि मी त्याचा हिस्सा भरत राहिलो, कारण ओनर मलाच फोन करायचा. पैसे शेवटी सगळे आले पण जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते मी चौथ्या महिन्यात केलं, आणि त्या काळात जो मनस्ताप झाला तो दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी अ‍ॅग्रीमेंट काढा आणि बघा नावं कुणाकुणाची आहेत. लिव्ह अँड लायसन्सवर तिघांची नावं असतील तर "मी माझे 9 दिले, बाकीचं त्याला विचारा" असं ओनरला सांगून चालत नाही. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 43 सांगतं की एकत्र सही केलेल्यांपैकी कुणाही एकाकडून मालक पूर्ण रक्कम मागू शकतो, अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. पण तेच कलम पुढे तुमच्या बाजूने बोलतं, की ज्याने सगळं भरलं तो बाकीच्यांकडून त्यांचा त्यांचा हिस्सा मागू शकतो. आणि एकाने हात वर केलेच तर त्याचा खड्डा उरलेल्यांनी सारखा वाटून भरायचा, म्हणजे 9 हजार बुडाले तर तुम्ही साडेचार आणि दुसरा साडेचार. हे त्या दुसऱ्या रूममेटला नीट बसवून सांगा, कारण "मी तर माझं भरलंय, मला यात ओढू नको" असं म्हणणारा तोच असतो, आणि तो तुमच्या बाजूने उभा राहिला की अर्धं काम होतं.

अ‍ॅग्रीमेंट एकट्या तुमच्या नावावर असेल तर हे कलम 43 लागत नाही, मग तुमचं आपापसात काय ठरलं होतं ते दाखवावं लागतं. तोंडी ठरलेलं पण चालतं, फक्त पुरावा हवा. आधीच्या महिन्यांत त्याने दर 5 तारखेला तुम्हाला 9 हजार यूपीआय केलेत ना, ती हिस्ट्री काढून ठेवा.

आता भरणा. ओनरला कॅश देऊ नका, स्वतःच्या खात्यातून पाठवा आणि रिमार्कमध्ये "ऑगस्ट भाडं तिघांचं" असं लिहा, ओनरकडून "27,000 मिळाले" एवढा मेसेज मागून घ्या.

मग सगळ्यात महत्त्वाचं, आकडा त्याच्या तोंडून लेखी वदवून घेणं. मी तीन महिने "भाई दे ना रे", "किती दिवस झाले यार" असंच लिहित होतो, त्याला काही अर्थ नाही. असं लिहा:

"ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर तुझा हिस्सा 9,000 प्रमाणे 27,000, लाइट बिल 1,140, एकूण 28,140. हे तुझ्या वतीने मी भरलेत. आकडा बरोबर आहे का सांग आणि कधी देतोस ती तारीख सांग."

यात राग नको, टोमणा नको, जुनी भांडणं तर अजिबातच नको. त्याचं उत्तर "हो बरोबर आहे, दिवाळीनंतर देतो" आलं की तुमच्या हातात खरी गोष्ट आली. चॅटमध्ये मेसेज आपोआप उडून जायचं सेटिंग चालू असेल तर आधी बंद करा, चॅट एक्सपोर्ट करा, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका आणि तो फोन विकू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे असा डिजिटल पुरावा कोर्टात देताना सोबत सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून घेतात.

डिपॉझिटकडे नीट लक्ष द्या, खरे पैसे इथेच सुटतात किंवा इथेच बुडतात. आपल्याकडे काय होतं, जुना रूममेट नवीन मुलगा शोधून आणतो, नवीन मुलगा 18 हजार थेट जुन्याच्या खात्यात टाकतो, आणि जुना बॅग उचलून निघून जातो. हे होऊ देऊ नका! नवीन मुलाला पहिल्याच दिवशी सांगा की डिपॉझिट माझ्याकडे दे, जुन्याचा हिशोब झाला की उरलेलं मी त्याला देतो, आणि जुन्याकडून "माझ्या डिपॉझिटमधून थकबाकी वळती कर" एवढं मेसेजवर घ्या. माझे 28,140 मधले 18,000 असेच मिळाले, उरले 10,140.

उरलेल्यासाठी हप्ते बांधून द्या, नोकरी गेलेल्या माणसाकडे एकरकमी मागून काही येत नाही. शक्य असेल तर पुढच्या तारखेचे चेक घ्या. चेक बाउन्स झाला तर बँकेची मेमो आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, त्याला पैसे द्यायला 15 दिवस, नाही दिले तर चेक बाउन्सची केस (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम 138) त्यानंतर एका महिन्याच्या आत. यातली एक तारीख चुकली तरी अडचण होते.

उत्तरच देत नसेल तर वकिलाकडून 15 दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टने, त्याच्या गावच्या पत्त्यावर. पत्ता नाही म्हणून लोक थांबतात, अहो तुमच्याच अ‍ॅग्रीमेंटच्या कॉपीवर कायमचा पत्ता असतो! माझ्या केसमध्ये नोटीस घरी पोचली आणि चार दिवसांत त्याच्या वडिलांचा फोन आला, अगदी सज्जन माणूस. कायद्याने मुलाचं देणं वडिलांवर येत नाही हे लक्षात ठेवा, त्यांच्यावर आवाज चढवू नका. दोन हप्ते ठरले, 5,000 आणि 5,140.

तरीही नाही झालं तर लोकअदालत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, पुण्यात ते शिवाजीनगर कोर्टातच आहे, केस दाखल करायच्या आधीही अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही, दोघांनी मान्य केलेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का आणि त्यावर अपील नाही. फक्त समोरचा यायला आणि मान्य करायला हवा. नाहीतर दिवाणी दावा, त्याला मुदत 3 वर्षं, तुम्ही त्याच्या वतीने पैसे भरलेत तिथून मोजायची. 10 हजारासाठी दावा करावा असं मी म्हणणार नाही, लाखाच्या आसपास असेल तर जरूर वकिलाला भेटा.

आणि हे चुकूनही करू नका: त्याचा लॅपटॉप, गाडीची चावी, ओरिजिनल मार्कशीट अडवून ठेवणं, खोलीला कुलूप लावणं, फोटो टाकून ग्रुपवर बदनामी करणं. पैसे तुमचे अडकलेले असतात आणि तक्रार उलटी तुमच्यावर होते. पोलीस चौकीतही बहुतेक वेळा "हे दिवाणी मॅटर आहे" एवढंच ऐकायला मिळतं.

शेवटचा हप्ता आला की त्याला "28,140 पूर्ण मिळाले, हिशोब संपला" असा मेसेज नक्की टाका, तेवढं त्याचंही हक्काचं आहे. आणि ओनरच्या मागे लागून नवीन मुलाच्या नावाने अ‍ॅग्रीमेंट पुन्हा रजिस्टर करून घ्या, ओनर म्हणेल "राहू द्या ओ, चार महिने तर उरलेत", तरी करा.