प्रावरणाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

इंदूरमधल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मी गेली काही वर्षं परीक्षक म्हणून जाते. पृथ्वीच्या पोटाचं एक तरी मॉडेल दरवर्षी असतंच. थर्माकोलचा अर्धगोल, मधे पिवळा गाभा, भोवती लालभडक प्रावरण, म्हणजे गाभा आणि कवच यांच्यामधला जाड थर, आणि गोल गोल फिरणारे बाण. "हे काय रे?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "ताई, हा लाव्हा. खालून तापतो आणि उकळतो." मुलं जीव ओतून काम करतात. ही चूक घरीदारी आपणच त्यांना शिकवलेली असते, म्हणून हा लेख आईबाबांसाठीही आहे.

लाल रंग

प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत जातात आणि बाह्य गाभा लागला की थांबतात. मग दगड वाहतो कसा? खूप तापलेला आणि प्रचंड दाबाखालचा दगड न वितळताही लाखो वर्षांत आकार बदलत सरकतो. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपली नखं वाढतात तेवढा. स्कँडिनेव्हियावरचा जाड बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी बोथनियाच्या आखाताजवळची जमीन अजून वर्षाला जवळपास १ सेंटीमीटर वर येते आहे, कारण बर्फाच्या ओझ्याने बाजूला सरकलेलं प्रावरण अजून परत येतंय. वरच्या प्रावरणाच्या दगडात ऑलिव्हिन हे खनिज भरपूर असतं, त्यामुळे हातात आलेला तुकडा हिरवट दिसतो. लाल डबा बाजूला ठेवा, हिरवा उघडा.

पाताळपाण्याचा काळा दगड

बरीच मुलं इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याच्या सहलीतून आणलेला दगड मॉडेलशेजारी ठेवतात आणि 'प्रावरणाचा तुकडा' अशी चिठ्ठी लावतात. दगड जरूर ठेवा, चिठ्ठी बदला. तो बेसाल्ट आहे. भिंग घेऊन पाहिलं तर बारीक भोकं दिसतील, काहींत पांढरं खनिज भरलेलं. ते लाव्हातून निसटणाऱ्या वायूचे बुडबुडे होते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी खोलातून नेहमीपेक्षा गरम दगड वर चढला. वर येताना दाब कमी झाला, दाब कमी झाला की वितळणबिंदूही उतरतो, आणि त्या घन दगडातला थोडासा भाग वितळला. तोच थरांवर थर होऊन दख्खनभर पसरला. आपलं माळव्याचं पठार आणि त्यावरची काळी माती त्याचीच. हा दगड प्रावरणातून गळलेला रस आहे, प्रावरण नव्हे.

केल्विनची चूक

पोस्टरवर 'पृथ्वी बाहेरून हळूहळू थंड होत आहे' एवढंच लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट वाचावीच. मला ती फार आवडते. १८६२ साली भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वीचं वय काढलं. खाणीत खाली जाल तसं तापमान वाढतं. पृथ्वी एखाद्या तापलेल्या घन गोळ्यासारखी फक्त वहनाने, म्हणजे दगड जागचा न हलता उष्णता त्यातून बाहेर जात, निवत असेल, तर इतकी तीव्र वाढ उरायला किती वर्षं झाली असतील? उत्तर आलं २ ते ४० कोटी वर्षं. गणित चोख, गृहीतक चुकीचं. 'तेव्हा किरणोत्सार माहीत नव्हता म्हणून ते चुकले' असं सर्रास सांगतात, कारण युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या अणूंच्या क्षयातूनही पृथ्वीच्या पोटात उष्णता तयार होते. पण त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये, म्हणजे किरणोत्साराचा शोध लागायच्या आधी, खरं दुखणं दाखवलं. आतला भाग वाहू शकत असेल, तर तो खालची उष्णता वर आणत राहतो, कवचाखालची धग टिकते आणि वय कित्येक पटींनी वाढतं. आज आपण ४५४ कोटी वर्षं म्हणतो. निव्वळ वहनावर सोडलं तर प्रावरणाची अख्खी जाडी निवायला २५ हजार कोटी वर्षांहून जास्त लागतील. वाहत्या दगडाने पृथ्वीचा इतिहास घडवला तो असा.

किरणोत्सार विसरू नका मात्र. पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या सुमारे ४७ टेरावॅट उष्णतेपैकी अंदाजे निम्मी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या क्षयातून येते.

दुधाच्या कढईचा दाखला

प्रावरणाचं फिरणं समजावायला इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, दुधाच्या रुंद कढईचा दाखला देतात. ती डोळ्यांसमोर आणा. मधून दूध वर येतं, साय सरकत कडेला जाते, सुरकुतते. दाखला सुरेख आहे, पण साय हलकी असते, ती तरंगतच राहते. समुद्रतळाचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कडक थराचा तुकडा, समुद्रातल्या डोंगररांगेच्या कण्यापाशी गरम जन्मतो, दूर जाता जाता थंड आणि जड होतो, आणि समुद्रतळावरच्या खोल खंदकापाशी प्रावरणात बुडतो. बुडणारं टोक मागचा सगळा भूपट्ट ओढून नेतं. भूपट्टांना हलवणारं सगळ्यात मोठं बळ हेच. बाणांनी भूपट्ट सरकत्या पट्ट्यावरच्या सामानासारखे वाहून नेऊ नका.

प्रयोग फसतो तेव्हा

प्रावरणाचं फिरणं दाखवायला मुलं भांड्यात पाणी घेऊन खालून तापवतात. पण पाण्यात रंग टाकला की दोन मिनिटांत सगळं एकरंगी होतं आणि दाखवायला काही उरत नाही. पाण्याऐवजी गोडंतेल घ्या, त्यात अभ्रकाची चिमूटभर चमकी घाला. चमकी जास्त झाली तर प्रवाह दिसत नाही. भांडं उष्णता सोसणाऱ्या काचेचं हवं, साधी काच तडकते. आच मेणबत्तीची पुरे, तेल कोमटच ठेवा आणि मोठं माणूस जवळ असू द्या. गरम वर, थंड खाली अशा या फिरण्याला हिंदी पुस्तकात 'संवहन' म्हणतात, तेच आपलं 'अभिसरण', हे मुलांना आधीच सांगा. तिथे नेहमी गोंधळ होतो.

एका वर्षी आठवीतल्या एका मुलीची मेणबत्ती ऐन वेळी विझली आणि काडेपेटी काही सापडेना. तिने शेजारच्या स्टॉलवरून बर्फ आणला, स्टीलच्या वाटीत घातला आणि वाटी बाहेरून कोरडी पुसून बूड तेलाला टेकेल अशी धरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग वाटीच्या बुडापासून चमकीचा एक बारीक धागा सुटला आणि संथपणे खाली उतरू लागला. पाठोपाठ दुसरा. "ताई, खाली आग नाही तरी फिरतंय," ती म्हणाली. मी तिला पहिला क्रमांक दिला.