प्रदर्शनातून घरी आल्यावर नवा क्विल्ट कसा हाती घ्यावा

क्विल्टचं, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून तीन थरांत शिवलेल्या गोधड्यांचं, प्रदर्शन पाहून आलं की हात शिवशिवतात. मोबाइलमध्ये साठ फोटो असतात आणि कधी एकदा कापडाला कात्री लावतो असं होतं. तेवढं मात्र करू नका. अशाच भरात मी एकदा प्रदर्शनातूनच कापड उचलून आणलं होतं. ते अजून कपाटात घडीतच आहे.

आधी दोन दिवस जाऊ द्या, मग फोटो पुन्हा बघा. यात नेमकं काय आवडलं? रंग, आकार, की वरचा धावदोरा? तिन्ही एकदम करायला गेलं की काम रखडतं, म्हणून एकच निवडा. रंग आवडले असतील तर फोटो कृष्णधवल करून पाहा. लाल आणि हिरवा तिथे एकाच करड्या छटेचे दिसत असतील, तर तुमच्या क्विल्टमध्येही ते लांबून एकमेकांत मिसळतील. गडद-फिक्याचा फरक हवाच.

पहिल्यांदा करताय तर नऊ चौकोनांचा ब्लॉक (क्विल्टमध्ये पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा) घ्या: पाच गडद, चार फिके. शिवून झाल्यावर चौकोन ३ इंचांचा हवा असेल तर कापायचा साडेतीन इंचांचा, कारण चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. असे आडवे ४ आणि उभे ५ ब्लॉक जोडले की ३६ बाय ४५ इंचांचा, मांडीवर घेण्याजोगा क्विल्ट होतो. ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड असेल तर गडद १ मीटर आणि फिकं पाऊण मीटर पुरतं. अस्तर, मधला थर (ऊब देणारा भराव) आणि काठपट्टी यांचं सामान वेगळं. सगळं सुती कापड आधी धुऊन घ्या. गडद लाल रंग फिक्यावर उतरला की काढणं अवघड जातं.

आता सगळे १८० चौकोन कापायला बसू नका. नऊच कापा आणि एक ब्लॉक शिवून मोजा. तो साडेनऊ इंच भरला पाहिजे. इथे घाई केली की पुढे सगळं चुकतं. शिवण एका सुतापेक्षाही कमी, म्हणजे १/१६ इंच जास्त आत गेली, तर दोन्ही बाजूंचं मिळून प्रत्येक शिवणीला १/८ इंच कापड जास्त खाल्लं जातं. आडव्या ओळीत १२ चौकोन, म्हणजे ११ शिवणी. क्विल्ट जवळजवळ दीड इंच आखूड! सगळ्या शिवणी सारख्याच चुकल्या तर एकवेळ चालेल, पण तशा त्या कधी चुकत नाहीत. मशीनच्या सुईपासून बरोबर पाव इंचावर कागदी चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून टीप मारा.

इस्त्री फिरवू नका. ठेवा, उचला, पुढे ठेवा. घासली की चौकोन ताणून वाकडे होतात. शिवण गडद कापडाकडे दुमडा. मग ओळी जोडताना शेजारच्या शिवणी विरुद्ध दिशांना पडतात, एकमेकींना अडून बसतात आणि चौकोनांचे कोपरे जुळतात. हे बोटांना कळतं. बोटांना अडल्यासारखं लागलं की तिथेच टाचणी लावा.

ब्लॉक जमला की बाकीचे कापा. जोडण्याआधी सगळे जमिनीवर मांडून फोटो काढा. गडद-फिके उलटसुलट झालेला ब्लॉक समोर बसून दिसत नाही, फोटोत लगेच दिसतो.

पुढे तीन थर: खाली अस्तर, उलटी बाजू वर; त्यावर मधला थर; मग तुमचं काम. खालचे दोन्ही वरच्यापेक्षा चारही बाजूंनी तीनेक इंच मोठे असू द्या. तळहाताच्या अंतरावर सेफ्टी पिना लावा आणि धावदोरा मध्यापासून कडेकडे न्या. कडेकडून आत आलात तर मध्ये फुगा येतो. उरलेल्या तुकड्यांचे तसेच तीन थर करून दोऱ्याचा ताण आधी त्यांवर तपासा.

काठासाठी अडीच इंचांच्या पट्ट्या जोडून मधोमध दुमडून इस्त्री करा. परिघ १६२ इंच, कोपरे आणि जोड धरून १७५ इंच पट्टी लागेल. ती पुढून मशीनवर, मागून हाताने. कोपऱ्याच्या पाव इंच आधी टीप थांबवा, पट्टी आधी वर आणि मग खाली दुमडा, आणि कडेपासून नवी टीप सुरू करा. माझा पहिला कोपरा तीनदा उसवला होता.