नागपुरात एम.लिब. करायचंय? फॉर्म भरण्याआधी आणि नंतर काय करावे

आधी एक ठरवा: नोकरी कुठल्या ग्रंथालयात हवी? महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे असेल तर एम.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. राखीव प्रवर्गांना टक्केवारीत ५ टक्क्यांची सवलत आहे. नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था), कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अशा ठिकाणी डेटाबेस आणि सॉफ्टवेअरवर हात बसलेला माणूस हवा असतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचे अनुदानित वाचनालय हे तिसरे क्षेत्र. तिथे मानधन तुटपुंजे असते आणि लहान वाचनालयासाठी ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रमही पुरतो, एम.लिब.साठी धावायची गरज नाही.

मग माहितीपत्रकात अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे ते पाहा. एक वर्षाच्या एम.लिब.ला आधी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालेले असावे लागते; दोन वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाला कोणतीही पदवी चालते. नोकरी सुटणार नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे नागपूर विभागीय केंद्र आहे, पण घरबसल्या शिक्षण म्हणजे सोपे शिक्षण, असे समजू नका. तिथे असाइनमेंटला ३० टक्के भार असतो. असाइनमेंट वेळेत दिल्या नाहीत तर पेपर चांगले जाऊनही निकाल अडकतो.

कागदपत्रांत अडते ते ठरलेल्या ठिकाणी. अमरावती किंवा दुसऱ्या विद्यापीठाची पदवी घेऊन नागपूर विद्यापीठात येणाऱ्यांना मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) लागते. ते मूळ विद्यापीठातून मिळते आणि लगेच हातात पडत नाही, म्हणून निकाल लागताच अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. जुनेच जोडले तर जागा खुल्या प्रवर्गात मोजली जाऊ शकते. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक खाते यांवर नाव अक्षरशः एकच असू द्या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच येते.

प्रवेश झाला की खरी तयारी वर्गीकरणाची, म्हणजे पुस्तकाला विषयाचा क्रमांक देण्याची. सिद्धांताचे पेपर पाठांतराने निघतात, प्रॅक्टिकल निघत नाही. एम.लिब.ला अडखळणारे बहुतेक जण बी.लिब.ला डीडीसी (ड्युई दशांश वर्गीकरण) वरवर करून आलेले असतात. तेव्हा रोज पाच शीर्षके घ्या आणि क्रमांक हाताने बांधा. परीक्षा ज्या आवृत्तीवर असेल तीच वापरा: १९ वी आवृत्ती तीन खंडांची, २३ वी चार खंडांची, आणि कोष्टकांची (मूळ क्रमांकाला जोडायच्या अंकांच्या याद्यांची) संख्याही वेगळी.

‘महाराष्ट्रातील संत्रा लागवड’ हे शीर्षक घ्या. शेवटच्या खंडातल्या अनुक्रमणिकेत संत्रा शोधला की ६३४.३१ मिळतो. इथेच थांबून तो उतरवून घेणे ही नेहमीची चूक. आधी अनुसूचीत (क्रमांकांच्या मुख्य यादीत) जाऊन तो क्रमांक आणि त्याखालच्या सूचना वाचायच्या. आता प्रदेश जोडायचा. दुसऱ्या कोष्टकात महाराष्ट्र ५४७९२. तो थेट चिकटवला तर क्रमांक चुकतो, कारण मध्ये पहिल्या कोष्टकातला ०९ हवा. म्हणून ६३४.३१०९५४७९२. दशांशचिन्ह एकदाच, तीन अंकांनंतर. मराठी कवितेला मात्र ०९ लागत नाही: मराठी साहित्याच्या ८९१.४६ ला तिसऱ्या कोष्टकातला १ जोडला की ८९१.४६१. कुठले कोष्टक कुठे चालते हे ओळखता आले की निम्मे प्रॅक्टिकल खिशात. रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणालाही हीच शिस्त लागते, फक्त तिथे विषय आधी पैलूंत (घटक बाजूंत) फोडावा लागतो.

तालिकीकरणासाठी (पुस्तकाची सूची-नोंद करण्यासाठी) मार्क २१ या संगणकीय नोंदपद्धतीचे मोजके टॅग (रकान्यांचे क्रमांक) तोंडपाठ हवेत: ०२० आयएसबीएन, ०८२ डीडीसी क्रमांक, १०० लेखक, २४५ शीर्षक, ३०० पृष्ठे व आकार, ६५० विषय. २४५ चा दुसरा निर्देशक (क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरे सोडायची ते सांगणारा अंक) इंग्रजी ‘द’ने सुरू होणाऱ्या शीर्षकाला ४ असतो, मराठी शीर्षकाला शून्य. हा फरक विसरला तर ‘द’ची सगळी पुस्तके एकाच अक्षराखाली गोळा होतात.

कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावरच शिका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाका आणि त्यावर कोहा बसवा. ८ जीबी रॅम असली तर काम सुखाने चालते. ‘नोंद केली पण शोधात दिसत नाही’ ही तक्रार हमखास येते. नोंद हरवलेली नसते, झेब्राची (कोहाच्या शोधयंत्राची) अनुक्रमणिका अद्ययावत झालेली नसते. ती पुन्हा बांधली की पुस्तक सापडते. नोंद दिसते पण पुस्तक देवघेवीला मिळत नाही, तेव्हा ९५२ या टॅगमध्ये प्रत जोडली आहे का ते बघा. दाखल अंक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) बारकोडच्या रकान्यात टाकताना पुढची शून्ये एकसारखी ठेवा. कुठे ००१२३ आणि कुठे १२३ झाले की वार्षिक पुस्तक-मोजणीत घोळ झालाच म्हणून समजा.

लघुप्रबंधाचा विषय पहिल्या महिन्यातच अरुंद करून घ्या. ‘विदर्भातील महाविद्यालयीन ग्रंथालये’ हा विषय नव्हे, ती जिल्ह्याजिल्ह्यांतली वणवण आहे. एक ग्रंथालय, एक सेवा, एक प्रश्न, एवढे पुरते. विभागप्रमुखांच्या सहीचे परवानगीपत्र घेऊनच ग्रंथपालांना भेटा. प्रश्नावल्या दिवाळीच्या सुटीआधी वाटा आणि लागतील त्याहून जास्त वाटा, कारण सगळ्या परत येत नाहीत.

शेवटच्या वर्षात असतानाच नेटचा फॉर्म भरता येतो. ग्रंथालयशास्त्राचा विषय क्रमांक ५९. तीन तासांत १५० प्रश्न, ३०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका.